समोरच्या सीटवर आत्या

वावाऊ, २४ जून २०२५

सेमिसी,

पोचले. विमान उशिरा, बोट त्याहून उशिरा, पण हाडं शाबूत आहेत. पाद्रीबुवांची मुलगी उद्या सिडनीला निघालीय, तिच्या हाती हे पत्र देते. उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू नुसतं 'सगळं ठीक, सगळं ठीक' करतोस. कागदावर खोटं लिहिलेलं मला लगेच दिसतं. चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या माफीच्या चिठ्ठ्या वाचल्यात मी.

तुझ्या घरी पंधरा दिवस राजेशाही झाली. तुझी बायको कालो नारळाच्या दुधात मीठ कमी घालते, पण पोरगी गुणी आहे, तिला हे सांगू नकोस, म्हणजे गुणी आहे हे सांगू नकोस. सगळ्यात गोड गेला तो सुट्टीतला रविवार. चर्च आटपून आपण दोघं तुझ्या बापाला भेटायला वॅगाच्या वृद्धाश्रमात निघालो, दोन तास मी गात होते आणि तू खालचा सूर धरत होतास. मानाच्या भेटीला बांधतात तशी मी आईने विणलेली चटई कमरेला बांधली होती. ऐंशी वर्षांची चटई, कडा उसवायला आलेल्या, तिच्यावरून तो गाडीतला पट्टा कोण आवळणार? तुझी गाडी मात्र सारखी टिं टिं टिं करून माझ्यावर ओरडत होती. तू एक अक्षर बोलला नाहीस. बरोबरच आहे म्हणा. बापाच्या थोरल्या बहिणीला काय करायचं हे कोणी शिकवत नाही, आपल्याकडे तरी. यंत्राला नसतील आत्या, त्याला काय कळणार.

आता मुद्द्याचं. इसिलेलीची दशा बघून आले आणि बोटीत रडले, हे तुला म्हणून सांगते. माझा धाकटा भाऊ, वावाऊ बेटाच्या फुटबॉल संघाचा कप्तान, आणि आता त्याला स्वतःचं नाव सापडत नाही. तिथल्या परिचारिका चांगल्या आहेत, पण त्याची इंग्रजी पुसली गेलीय आणि त्यांना आपली भाषा येत नाही. तू अळूच्या पानातलं मांस हाताने भरवलंस तेव्हा तो तीन घास जेवला. त्यांच्या चमच्याने एकही नाही. तेव्हा ऐक. दर रविवारी तू जायचं. एकही चुकवायचा नाही. माझा भाऊ परक्या भाषेत मरता कामा नये. मी समुद्रापलीकडे आहे, तू दोन तासांवर आहेस.

तुझी आत्या,
लाविनिया

---

ग्रिफिथ, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. मधल्या काळात एकही रविवार चुकवला नाही, गेल्या रविवारपर्यंत. बाबा मला कधी सेमिसी म्हणतात, कधी आजोबा समजून खाली मान घालून बसतात. जेवतात मात्र. एकदा सबंध वाटी संपवली आणि म्हणाले, लाविनिया कुठाय, तिला आधी वाढा. मी म्हटलं, तिचं झालं जेवून. तेव्हा कुठे पुढचा घास घेतला.

आता जे सांगायचंय ते चार दिवस लिहून फाडतोय. माझं गाडीचं लायसन गेलं. कायमचं नाही, सहा महिन्यांसाठी. एक सप्टेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत.

इथे प्रत्येक चुकीचे पॉइंट लागतात आणि तीन वर्षांत तेरा झाले की लायसन काढून घेतात. माझे गेल्या वर्षीच चौदा झाले होते. तीनदा वेगाचे, आणि एकदा कालोला हॉस्पिटलात नेलं होतं तेव्हा गाडी चालवताना फोन घेतला त्याचे. तेव्हा त्यांनी विचारलं, तीन महिने गाडी बंद ठेवतोस की वर्षभर नीट वागण्याची हमी देतोस? हमी दिली की गाडी चालवता येते, पण त्या वर्षात दोन पॉइंट जरी लागले तरी दुप्पट शिक्षा. मी हमी दिली. बाबांना नुकतंच वॅगाला ठेवलं होतं, तीन महिने कसे काढणार होतो? नोव्हेंबरपर्यंत सांभाळायचं होतं. आणि जूनच्या लांब सुट्टीत, जेव्हा सगळे पॉइंट दुप्पट धरतात, तेव्हाच मला सहा लागले.

वेगात होतो. दुसरं काही नाही.

कालोचं लायसन अजून शिकाऊ आहे, ती एकटी चालवू शकत नाही. संत्र्यांच्या शेडमध्ये कामाला मी सायकलने जातो, ते काही नाही, पोट कमी होईल. वॅगाची बस रविवारी नसते आणि इतर दिवशी मला शेड असते. पण चर्चमधला फिनाऊ न्यायला तयार आहे. मी काहीतरी करीन.

तुमचा,
सेमिसी

---

वावाऊ, २ ऑक्टोबर २०२५

सेमिसी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चष्मा चुकीचा लावलाय.

वेगात होतास. मी तुला बापाकडे जायला सांगितलं होतं, उडत जायला नव्हतं सांगितलं. चौदा पॉइंट गोळा करून, वर हमी देऊन, वर पुन्हा वेग. चाळीस वर्षांत एकदाही मी कुठल्या पोराला दुसरी संधी दिली नाही, आणि तिथे सरकार तुला दुसरी देतं तर ती तू रस्त्यावर सांडून येतोस. तुझा बाप तुझ्या ज्या हाताने जेवायचा त्याच हाताने तू ते लायसन घालवलंस.

मी तुझ्याबरोबर त्या सुट्टीत दोन तास बसले होते. तेव्हा तर बैलगाडीसारखी चालवत होतास. म्हणजे मी गाडीत नसताना मोकाट सुटलास तर. आत्या उतरली की लगाम गेला.

हे मी इथे सगळ्यांना सांगितलंय. का सांगू नये? काल चर्चमध्ये बायका विचारत होत्या, इसिलेली कसा आहे. मी म्हटलं, त्याच्या मुलाला गाडी पळवण्यातून वेळ मिळाला तर तो सांगेल.

फिनाऊच्या पाया पड, कोणाच्याही पड, पण रविवार चुकवू नकोस. तुझा बाप काय कॅलेंडर बघून भूक लावून घेतो?

लाविनिया

---

ग्रिफिथ, १४ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुम्ही बोललात ते मला लागू आहे.

मी खरं ते लिहितो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फिनाऊने चारदा नेलं. मग त्याच्या बायकोला बाळ झालं, आता तो कुठल्या तोंडाने येईल आणि मी कुठल्या तोंडाने बोलवू. दुसऱ्या एकाने दोनदा नेलं. एका शुक्रवारी शेडमधून सुट्टी मागून बसने गेलो, तर बाबा झोपेत होते, आणि परतीची बस दीड तासात होती. मी त्यांच्या पायांना तेल लावून आलो. नोव्हेंबरात एकदाच जमलं. बाबा आता बारीक झालेत. परिचारिका म्हणते, चमचा दिसला की तोंड मिटून घेतात. मी तिला आपल्या भाषेतले चार शब्द लिहून दिले. जेव, थोडं, गरम आहे, शाबास. ती बिचारी म्हणून बघते, पण बाबांना ते तिच्या तोंडचं कळत नाही.

एका रविवारी मी किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसलो होतो. डबा मांडीवर. कालो आली आणि शेजारी बसली. म्हणाली, "पकडला गेलास तर तुरुंग, मग बाबांकडे कोण आणि आमच्याकडे कोण?" आम्ही तिथेच तो डबा खाल्ला आणि आत आलो. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं ही काय सहल आहे.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. माझ्याकडे गाडीतला तुमचा एक फोटो आहे, समोरच्या सीटवर बसून तोंड भरून गाताय, कमरेला आजीची चटई. कागद मागे दुमडून तो मी बाबांच्या पलंगाशेजारी भिंतीवर लावला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, लाविनिया आलीय, नीट बसा. आणि मग जेवले, आत्या. तुमच्यासमोर नको म्हणायची त्यांची टाप नाही. परिचारिका सांगते, आताही कधी दोन घास घेतात ते फोटोकडे बघूनच घेतात.

तेव्हा मी नसलो तरी तुम्ही आहात तिथे. अजून अकरा रविवार. एक मार्चला लायसन परत मिळतंय, त्या दिवशी रविवारच आहे. मी आत्तापासून ठरवलंय काय शिजवायचं ते.

तुमचा,
सेमिसी

---

वावाऊ, १८ जानेवारी २०२६

सेमिसी,

फोटो मी लावायला सांगितला नव्हता. मी तुला जायला सांगितलं होतं.

मार्चपर्यंत थांब म्हणून तुझ्या बापाला कोणी सांगितलंय का? तू फार गोड लिहितोस. पोरं चुकली की फार गोड लिहितात.

लाविनिया

---

ग्रिफिथ, २ मार्च २०२६

प्रिय आत्या,

तुम्ही सुखरूप पोचलात हे कळलं. बाबांच्या दफनासाठी एवढा प्रवास करून आलात, तीन दिवस त्यांच्या उशाशी बसलात, हे ऋण आमच्यावर राहील.

तुम्ही इथे होतात तेव्हा त्या गुरुवारचं मला विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आता सांगतो. बारा फेब्रुवारीला सकाळी सव्वाआठला वृद्धाश्रमातून फोन आला. परिचारिका म्हणाली, आज जरा अशक्त वाटतात, जमलं तर येऊन जा. मरणाचं कोणी बोललं नाही. मी पाच घरी फोन केले. द्राक्षांची काढणी चालू, सगळे मळ्यात. म्हटलं, चला, दुपारची बस आहे. डबाही घेतला. बस वाटेत नरांडेराला थांबली होती तेव्हा फोन वाजला. गाडी असती तर मी साडेदहाला तिथे असतो. बाबा दीडला गेले. तीन तास होते माझ्याकडे, आत्या. खोलीत गेलो तेव्हा त्यांनी खिडकी उघडून ठेवली होती आणि चेहरा पुसला होता. मी डबा पलंगाखाली ठेवला आणि विसरून आलो.

आणि दफनाच्या दिवसाबद्दल. गेलेल्याच्या मुलांनी बाहेर चुलीपाशी राबायचं, हे आमचं कामच आहे. मी डुकराचं मांस भाजत होतो, तरी कान दाराकडे होते. कालोला आत बोलावलंत. चुलतभावांना बोलावलंत. शवपेटी बंद करायच्या आधी तुम्ही मलाही हाक माराल आणि मी बाबांच्या कपाळाला ओठ लावीन असं मला वाटत होतं. मग खिळे ठोकल्याचा आवाज आला. फिनाऊ बाहेर येऊन म्हणाला, तुझी आत्या म्हणाली, जो जिवंतपणी आला नाही त्याची आता घाई नाही.

तक्रार करत नाही. उशाशी बसणाऱ्या थोरल्या बहिणीचा तो हक्क आहे आणि तो तुम्ही वापरलात. बाबांच्या वस्तूंची पेटीही तुमचीच, ती मी उघडलीसुद्धा नाही, वृद्धाश्रमातून जशी बांधून आली तशी तुमच्या सामानात ठेवली.

काल लायसन परत मिळालं. सकाळी मी अळूची पानं चिरायला घेतली, कालो दारात उभी राहून बघत होती. पानं अर्धी चिरून झाली तेव्हा मला आठवलं. मग तशीच शिजवली आणि आम्ही जेवलो.

तुमचा,
सेमिसी

---

वावाऊ, २२ मार्च २०२६

माझ्या सेमिसी,

पेटी मी काल उघडली. चाळीस दिवस होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. माझ्या लेलीचा, तुझ्या बापाचा स्वेटर, बायबल, एक बूट, दुसरा नाही. आणि दुमडलेला कागद. मला वाटलं, हाच तो फोटो. बघितला, हसू आलं. काय तोंड उघडलंय मी. मग दुमड उलगडली.

तू विसरलास की तुझ्या आत्याला इंग्रजी वाचता येतं.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्याची नोटीस. तारीख आठ जून. वेळ दुपारी एक वाजून सदतीस मिनिटं. तुझं नाव. वेगाबद्दल एक शब्द नाही. 'समोरच्या सीटवरील प्रवाशाने सीटबेल्ट लावलेला नाही. चालकास सहा पॉइंट.'

मी तो कागद घेऊन अंगणात बसले आणि ऊन पायांवरून डोक्यावर आलं तरी उठले नाही. गाडी ओरडत होती, आणि मी यंत्राची टिंगल करत होते. दोन तास. तुझी हमी पाच महिन्यांत संपणार होती, तुला ठाऊक होतं, शेजारी मी फासासारखी बसले होते आणि तू खालचा सूर धरत होतास.

कागदावरचं खोटं मला दिसतं म्हणून मी मिरवायचे. 'वेगात होतो. दुसरं काही नाही.' मीच लिहिलं होतं ना तुला की बैलगाडीसारखी चालवत होतास? ते लिहितानाही मला कळू नये? मला कळायचंच नव्हतं, पोरा. तुला दोष देणं सोपं होतं. मी समुद्रापलीकडे होते आणि माझा भाऊ उपाशी होता, कोणावर तरी ओरडायला हवं होतं. गावभर तुझी नाचक्की केली. आज रविवार, आज चर्चमध्ये उभी राहून मी सगळ्यांना सांगितलं लायसन कोणी घालवलं ते. बायका खाली बघत होत्या. ते सोपं गेलं. ज्याचं काही करता येणार नाही ते वेगळंच आहे.

तुला मी दाराबाहेर ठेवलं. माझ्या भावाने ज्याच्या हातचं खाल्लं त्याला मी त्याचं तोंड बघू दिलं नाही. आणि शवपेटीवर खिळे मारले तेव्हा तू डुकराचं मांस भाजत होतास, आमच्यासाठी. मी ते खाल्लं, सेमिसी. चवीने खाल्लं.

आपल्याकडे आत्या भाच्याची माफी मागत नाही. मी मागते. तू दे किंवा देऊ नकोस.

आईची चटई पाठवतेय, फिनाऊचा मेव्हणा येतोय त्याच्या हाती. ती मी माझ्यासाठी ठेवली होती, मला तिच्यात गुंडाळून पुरायचं असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता ती मला नको. चुरगळेल म्हणून मी तिच्यावर पट्टा ओढला नाही. ती लेलीच्या कबरीवर पसर, पावसात कुजू दे.

एक विचारते. तू एकदा तरी का म्हणाला नाहीस? एकदाच. मी ओरडले असते, तुझ्या बापाला तुझं नाव सांगितलं असतं, पण लावला असता रे.

तुझीच,
आत्या

---

ग्रिफिथ, १२ एप्रिल २०२६

प्रिय आत्या,

चटई मिळाली. अजून नारळाच्या तेलाचा वास आहे तिला.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मनात चार वेळा म्हटलं होतं. एकदा घरातून निघताना, एकदा लीटनच्या वळणावर, मग दोनदा तुम्ही गाणं बदलायला थांबलात तेव्हा. प्रत्येक वेळी तुम्ही पुढचं गाणं सुरू केलंत. तुम्ही सतरा वर्षांनी आला होतात, आजीची चटई बांधून आपल्या भावाला भेटायला चालला होतात. मला वाटलं, दोन तासांचाच तर रस्ता आहे. कॅमेऱ्याच्या खालून गेलो तेव्हा कळलंसुद्धा नाही. चालवणाऱ्याचाच दोष धरतात, शेजारी कोणी का असेना, आणि मला ते चूक वाटत नाही. सांगायचं काम माझंच होतं. सांगितलं असतं तर बाबा त्या गुरुवारी माझ्या हातचं जेवले असते. हे मी कालोलाही बोललो नव्हतो.

माफीचं तुम्ही लिहिलंत ते मी एकदाच वाचलं, पुन्हा वाचवेना. तुम्ही माझ्या आत्या आहात. दिली, घेतली, असलं काही आपल्यात नको. फक्त बाबांच्या कपाळाचं राहून गेलं, ते राहिलं.

आज चर्चनंतर कब्रस्तानात गेलो. इथून दहा मिनिटांवर आहे, तरी गाडी घेतली. चटई नीट घडी करून समोरच्या सीटवर ठेवली आणि तिच्यावर डब्यांची टोपली, बाबांचं जेवण नेहमीचंच. गाडी सुरू केली तर टिं टिं टिं करायला लागली. कालो मागच्या सीटवरून म्हणाली, टोपली खाली ठेव, थांबेल.

मी ठेवली नाही. सीटकडे बघून मोठ्याने म्हणालो, "आत्या, पट्टा लावा."

मग मीच तो ओढला, चटईवरून घेतला आणि अडकवला. आवाज थांबला.  आणि आम्ही बाबांकडे गेलो.

तुमचा,
सेमिसी